फोन स्वस्त, कुलूप फुकट

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, चहा आला. तेवढ्यात, जी एरवी फारशी बोलत नाही अशी एकजण म्हणाली, "ताई, तो हजाराच्या आतला फोन असतो ना, त्यात माझं जुनं सिम चालंल का?"

नाही चालणार, मी सांगितलं. त्या फोनात ज्या कंपनीचा फोन त्याच कंपनीचं सिम चालतं.

लगेच दुसरी म्हणाली, "अगं, हजार रुपयांत आणखी काय पायजे तुला? सोन्याची साखळी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. प्रश्न विचारणारी ओशाळली, पदर सावरून गप्प बसली. घरी आले तरी तिचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. तिचं काय चुकलं होतं? पैसे मोजून घेतलेली वस्तू माझी का, एवढंच तिने विचारलं होतं. आणि आम्ही, बायकांच्या हक्काच्या गोष्टी करणाऱ्या, तिला हसलो.

मैत्रिणींनो, म्हणून हा लेख. फोनच्या कंपन्या आणि त्यांचे करार हा आपल्या अंकाचा विषय आहे का, असं काहीजणींना वाटेल. मला वाटतं आहे. का ते सांगते.

मी रेवसला राहते. माहेर करंजा. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर ही दोन गावं धरमतरच्या खाडीच्या तोंडावर समोरासमोर आहेत. रेवस अलिबाग तालुक्यात, करंजा उरण तालुक्यात. आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की माहेरचे दिवे दिसतात. लाँचने गेलं तर थोडक्या वेळाचं काम. पण वारा सुटला, तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंद. मग माहेरी जायचं तर वडखळ, पेण असा भला मोठा वळसा. अशा ठिकाणी फोन ही चैन नसते. नवरा, मुलगा समुद्रावर, लेक पाण्यापलीकडे दिलेली, आई म्हातारी. भाऊच्या धक्क्यावर आज कोलंबीला काय भाव आहे हे कळल्याशिवाय पाटी उचलायची की बर्फात ठेवायची हे ठरत नाही. रेंज आहे की नाही, यावर आमच्याकडे बाईचा दिवस ठरतो.

२००६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या जावेच्या घरी तेव्हा पहिला फोन आला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. तेव्हा असे फोन विकणाऱ्या तीन-चार कंपन्या होत्या आणि सगळ्यांची तऱ्हा एकच होती. फोन हप्त्यावर, बिल महिन्याला, कागद दिराच्या नावावर. जावेची लेक करंज्याला दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पावसाने जोर धरला आणि त्या कंपनीची रेंज आमच्या बाजूला गेली. दोन दिवस फोन मेल्यासारखा पडून. लेकीच्या सासरचे पनवेलच्या दवाखान्यातून फोन लावून लावून थकले. त्यांच्याकडे तेवढाच नंबर. तिसऱ्या दिवशी लाँच सुरू झाली आणि मासळी घेऊन आलेल्या एका बाईने धक्क्यावर सांगितलं, "अगं, तुझ्या लेकीचं पोट फाडायला लागलं. मुलगा झालाय, बरी आहेत दोघं." बरी होती हे खरं. पण आई दोन दिवस घरात सुकट निवडत बसली होती, आणि फोन कोनाड्यात होता.

माझ्याकडे तेव्हा दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं, ते धक्क्यावर चालायचं. जाऊ म्हणाली, हप्ते भरतेय त्या फोनात तसलं कार्ड घालू, नंबर बदलला तर बदलला. आम्ही दोघींनी मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली. कार्ड ठेवायला खाचच नव्हती. उलटापालटा करून पाहिला, आकड्याने टोकरून पाहिला. नव्हतीच. ती नाद सोडीना, म्हणून दिराला घेऊन अलिबागला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, हा फोन याच कंपनीवर चालणार. दुसरी कंपनी हवी तर दुसरा फोन घ्या. आणि याचे राहिलेले हप्ते? ते भरावेच लागतील. आठ महिने तिने बंद फोनचे हप्ते भरले. पुढे तो फोन त्याच नातवाचं खेळणं झाला.

दुकानदाराशी मी वाद घातला होता. त्याने माझ्याशी बोलणंच टाळलं, तो दिराकडे बघून बोलत राहिला. कागद त्यांच्या नावावर होता ना.

आमच्याकडच्या बायकांना हा व्यवहार नवा नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. जून-जुलैची मासेमारी बंदी असते तेव्हा घरात पैसा नसतो. जाळी विणायची असते, बोट रंगवायची असते, नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जायचं तर डिझेल आणि बर्फ लागतो. मग व्यापारी उचल देतो. हसतमुखाने देतो, व्याजाचं नावही काढत नाही. अट एकच. मासळी त्यालाच घालायची. शेजारचा व्यापारी किलोमागे चार पैसे जास्त देत असला तरी तिकडे पाहायचं नाही. भाव तोच सांगणार, वजन तोच करणार. उचल फिटेपर्यंत माल त्याचा. आणि ती फिटत नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लागतेच. उचल घेणारा कधी म्हणत नाही की मी फसलो. तो म्हणतो, "अडीनडीला उभा राहतो हो शेठ."

बांधलेला फोन म्हणजे तीच उचल. फोन स्वस्तात देतो, बोलणं मात्र मलाच विकायचं.

आता याच प्रश्नावर मोठी माणसं कशी बोलली ते पाहा. अमेरिकेत २९ जून २००७ ला ॲपल कंपनीचा आयफोन आला. तो एटी अँड टी या एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालायचा, तोही दोन वर्षांच्या कराराने. ही मक्तेदारी फेब्रुवारी २०११ पर्यंत टिकली. लोकांनी काय केलं? रांगा लावल्या, आणि घरी जाऊन शिव्याही घातल्या. ज्यांच्या गावात त्या कंपनीची रेंज नव्हती त्यांनी जास्त घातल्या. कोर्टकज्जे झाले, पोरांनी कुलूप तोडायच्या युक्त्या शोधल्या. विक्री सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले नि सप्टेंबर २००७ मध्ये ॲपलने ५९९ डॉलरचा फोन ३९९ ला केला. आधी घेतलेले ग्राहक असे खवळले की दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्सला जाहीर पत्र लिहून प्रत्येकाला १०० डॉलरची भरपाई, अर्थात त्यांच्याच दुकानात खर्च करायची, जाहीर करावी लागली. एका दिवसात! आमच्या जावेचे आठ हप्ते आठवा.

आपल्याकडे तोच फोन, म्हणजे त्याचं पुढचं थ्रीजी रूप, २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांनी आणला. आठ जीबीचा ३१,००० रुपयांना, सोळा जीबीचा ३६,१०० ला. अमेरिकेत करारावर तो १९९ डॉलरला मिळत होता. तिथे निदान किंमत कमी करून बांधून घेत होते. इथे पूर्ण किंमत घेऊन वर बांधून घेतलं. मुंबईतले पैसेवाले संतापले, वर्तमानपत्रांत रकाने भरून आले, आणि ज्यांना घाई होती ते चोरबाजारातून कुलूप तोडलेला फोन घेऊन मोकळे झाले. एका ग्राहकाने हे प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापुढेही नेलं. १९ मार्च २०१३ ला आयोगाने निकाल दिला की स्पर्धा कायद्याचा भंग झालेला नाही. देशातल्या एकूण स्मार्टफोनमध्ये आयफोनचा वाटा अगदी लहान, ग्राहकाला दुसरे फोन आहेत, दुसऱ्या कंपन्या आहेत, तेव्हा बाजाराचं नुकसान काय झालं?

निकाल बाजाराच्या हिशोबाने बरोबर असेल. स्पर्धा कायदा विचारतो तेच मुळी हे, की बाजारातल्या चढाओढीला धक्का बसला का. ज्याने फोन घेतला त्याचं काय झालं, हा त्याचा प्रश्न नाही. आणि ३१,००० रुपये मोजू शकणाऱ्याला खरंच दुसरे फोन होते. पण पुढे हीच अट देशातल्या सगळ्यांत स्वस्त फोनला लागली, तेव्हा हे "दुसरे फोन आहेत ना" कुणाला सांगायचं?

२१ जुलै २०१७ ला रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला. फोनची किंमत शून्य. फक्त १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. महिन्याला १५३ रुपयांत हवं तेवढं बोला. टाळ्या पडल्या. ऑगस्टमध्ये ५०० रुपये भरून नोंदणी सुरू झाली. अटींचा सगळा कागद सप्टेंबरमध्ये, फोन हातात पडायच्या वेळी बाहेर आला. दर वर्षाला किमान १,५०० रुपयांचं रिचार्ज केलंच पाहिजे, नाही केलं तर कंपनी फोन परत मागू शकते. सिम अर्थातच जिओचंच. आता हिशोब करा. तीन वर्षांत ४,५०० चं बंधनाचं रिचार्ज आणि १,५०० अनामत. म्हणजे शून्य किमतीच्या फोनसाठी ६,००० रुपयांची बांधिलकी, त्यातले १,५०० पुढेमागे परत. रिचार्जच्या बदल्यात बोलायला मिळतं हे मला कळतं, ते पैसे काही समुद्रात जात नाहीत. माझा आक्षेप 'शून्य' या शब्दाला आहे. जिला वहीत शून्याचा अर्थ काहीच नाही असा शिकवला तिला हा शून्य कोण समजावणार?

२०१८ च्या जुलैत जुना साधा फोन द्या, ५०१ रुपयांत जिओफोन घ्या, अशी योजना निघाली. त्याच महिन्यात कंपनीने अडीच कोटी जिओफोन झाल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओ भारत आला, २८ दिवसांना १२३ रुपये, आणि त्यातही सिम त्यांचंच. अडीच कोटींचा आकडा काढला त्या साली रागाने लिहिलेले रकाने मी फार पाहिले नाहीत. जे २००८ मध्ये कुलपावर चिडले होते त्यांनी स्वस्त फोनच्या कुलपाला 'क्रांती' म्हटलं. एकतीस हजाराच्या फोनला कुलूप लागलं तर ग्राहकाचा अपमान. हजाराच्या फोनला लागलं तर उपकार.

इथे आमच्याच गटातल्या एकीने मला अडवलं होतं, तेही लिहिते, कारण तिचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. ती म्हणाली, "ताई, तुमच्या हक्काची वाट बघत बसले असते तर मला फोन मिळाला नसता. तो स्वस्त होता म्हणून नवऱ्याने घेऊ दिला. त्याच्यावर मी पहिल्यांदा व्हिडीओ बघितला, वाचायला लागले." खरं आहे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं ते या कंपन्यांच्या चढाओढीमुळे, आणि त्याचा फायदा आमच्या वस्तीतल्या बायकांना झाला. तो नाकारणं म्हणजे कोरडा तत्त्वज्ञानीपणा. कंपनीने स्वतःच्या खिशातून फोनची किंमत कमी केली असेल तर ती वसूल होईपर्यंत काही काळ बांधून घ्यावं, हेही मी एक वेळ मान्य करते. पण काही काळ म्हणजे किती? वसूल झाल्यावर कुलूप काढून द्याल का? आणि ही अट दुकानात, पैसे घ्यायच्या आधी, मराठीत, मोठ्या अक्षरात सांगाल का? 'स्वस्त' या एका शब्दात हे तिन्ही प्रश्न बुडवले जातात.

आणि बाईच्या बाबतीत हे कुलूप एकटं नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या बायका देशात शंभरात ५४ निघाल्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका शंभरात ३३, पुरुष ५७. ज्यांच्याकडे आहे त्यांचंही विचारा. आमच्या बैठकीत मी विचारलं, सिम कोणाच्या नावावर? बहुतेकींचं नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या. रिचार्ज कोण मारतं? मुलगा. पासवर्ड कोणाला माहीत? हसल्या. म्हणजे घरातलं एक कुलूप आधीच आहे, फोनमधलं दुसरं. पहिल्या कुलपाची किल्ली नवऱ्याकडे, दुसऱ्याची कंपनीकडे.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली. १९०० वर 'पोर्ट' आणि आपला नंबर असा संदेश पाठवायचा, येईल तो आकडा घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जायचं. मोठा हक्क आहे तो, मी स्वतः वापरला आहे. पण बांधलेल्या फोनवाल्या बाईला त्याचा उपयोग किती? नंबर न्याल, सिम न्याल, आणि घालाल कुठे? वर दुकानात कागद लागतात ते ज्याच्या नावावर सिम त्याचे. म्हणजे रेंज येत नाही म्हणून कंपनी बदलायची तर आधी नवऱ्याची मर्जी, मग दुसऱ्या फोनचे पैसे. सरकारने दिलेला हक्क हा असा दोन ठिकाणी अडतो, आणि कागदावर मात्र तो सगळ्यांना सारखा आहे.

जी बाई मार खाते तिचा विचार करा. हे कोणी बोलत नाही. आपल्या सल्ला केंद्रांत बसणाऱ्या मैत्रिणींना माहीत आहे की घर सोडायच्या तयारीतल्या बाईला आपण पहिली गोष्ट काय सांगतो. वेगळं सिम घे, स्वतःच्या नावावर, त्याला माहीत नसलेलं. ते सिम ती घालणार कोणत्या फोनात? घरात जो एक फोन तिच्या हातात आहे, तो दुसरं सिम घेत नसेल तर आपला सल्ला तिच्या काय कामाचा?

बाहेरच्या देशांत हे कुलूप कसं निघालं तेही पाहू, कारण आपल्याकडे लगेच सांगितलं जातं की धंदा असाच चालतो, जगभर असंच आहे. नाही, जगभर असं नाही. फ्रान्समध्ये आयफोन फक्त ऑरेंज कंपनीकडे असावा हा करार तिथल्या स्पर्धा मंडळाने डिसेंबर २००८ मध्ये स्थगित केला. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून फोन कुलूप न लावताच विकायचे असा नियम झाला, जुन्या फोनचं कुलूपही फुकट काढून द्यायचं. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायला बंदी. तिथल्या नियामक संस्थेने लोकांना विचारलं तेव्हा कंपनी न बदलण्याचं ठरवलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांनी सांगितलं होतं की कुलपाच्या कटकटीमुळे मन मागे घेतलं. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीपासून कंपनीच्या परवानगीशिवाय नव्या फोनचं कुलूप काढणं बेकायदा ठरलं, तर एक लाख चौदा हजारांहून अधिक लोकांनी राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केला आणि १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी ग्राहकाच्या बाजूच्या कायद्यावर सही केली. आणि या सगळ्या देशांत फोन कंपन्यांचा धंदा अजून चालू आहे.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात निर्बंधात्मक व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. एक वस्तू किंवा सेवा हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणं त्या व्याख्येत येतं. फोन हवा तर सेवा आमचीच, ही अट याहून वेगळी काय आहे? वकील त्यावर काय म्हणायचं ते म्हणोत, माझं म्हणणं हे कलम फोनच्या कुलपाला लागतं. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागलाच आहे. बाई जिथे राहते तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावायची सक्ती नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण बिल लागतं. आणि बिल कोणाच्या नावावर असतं ते वर लिहिलंच आहे.

ग्राहकाचा प्रश्न हा बायकांचा प्रश्न नव्हे, असं म्हणणाऱ्यांना मी १९७२ ची आठवण देते. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन उतरल्या त्या घरच्या बायका होत्या. तेल, साखर, रॉकेल हे तेव्हा 'राजकारण' नव्हतं, बायकांची कुरकूर होती. त्यांनी ती कुरकूर मंत्रालयाच्या दारात नेली. आज घरात रॉकेलच्या डब्याची जागा रिचार्जने घेतली आहे. दर महिन्याला, नव्हे दर २८ दिवसांना. (हे २८ दिवसांचं गौडबंगाल वेगळ्या लेखाचा विषय आहे. वर्षात बारा महिने असतात आणि रिचार्ज तेरा!)

त्याहून जवळचं उदाहरण आपल्या अंगणवाडीच्या बाईंचं. २०१९ मध्ये सरकारने राज्यातल्या सेविकांना पोषण अभियानाच्या कामासाठी मोबाइल दिले. फोन तापायचे, अडकायचे, दोन जीबीच्या मेमरीत नवं ॲप मावायचं नाही, आणि पोषण ट्रॅकर नावाचं ते ॲप इंग्रजीत. काम झालं नाही तर मानधनावर टांगती तलवार. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. टेबलांवर फोनांचे ढीग लागले. तेव्हाही ऐकवलं गेलंच, फुकट मिळालाय तरी नखरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवून निघून आल्या. लगेच सगळं मिळालं असं नाही. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगल्या मोबाइलची मागणी करावीच लागली. पण फुकट मिळालेली वस्तूसुद्धा "ही नको, धड द्या" म्हणून परत करता येते, हे आमच्या तालुक्यातल्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलं. हा माझ्या मते या राज्यातल्या ग्राहकांनी दिलेला सगळ्यांत मोठा जबाब आहे, आणि तो मोबाइलच्या कुठल्याही पुरवणीत छापून आला नाही.

म्हणून आम्ही बैठकीत ठरवून दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, पत्र लिहिलं आहे. फोनची कमी केलेली किंमत वसूल झाली की, आणि कोणत्याही परिस्थितीत वर्षभरात, कुलूप मागितल्याशिवाय आणि पैसे न घेता निघालं पाहिजे. ज्या गावात कंपनीची रेंज नीट येत नाही तिथे ते ताबडतोब निघालं पाहिजे. अट खोक्याच्या वरच्या बाजूला राज्याच्या भाषेत छापलेली असली पाहिजे. आणि संकटात सापडलेल्या बाईने मागितलं तर कारण न विचारता. शेवटच्या मागणीवर आमच्यात वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, हे त्यांना कळणार नाही. मी म्हटलं, लिहून तर ठेवू. ते पत्र ज्यांना हवं त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर मागवावं, आणि आपल्या गटाच्या ठरावाने पाठवावं. शंभर पत्रं गेली तर कुणीतरी उघडेल.

आता त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईचं. मी तिला म्हटलं होतं, घेऊ नको. चार महिने थांब, गटातून उचल देते, कुठलंही सिम चालणारा फोन घे. 'उचल' हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मलाच कसंतरी झालं. तिने ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात अलिबागला गेली आणि तोच फोन घेऊन आली. लेकीची शाळा, मासळीचा भाव, थांबायला तिला वेळ नव्हता. मला वाईट वाटलं, रागही आला, खोटं कशाला सांगू. तिने पिशवीतून बिल काढून माझ्यासमोर धरलं. बिल तिच्या नावावर होतं, सिमही तिच्या नावावर. दुकानदाराने मिस्टरांचं आधार मागितलं होतं म्हणे. हिने स्वतःचं पुढे केलं. आणि मग विचारलं होतं, "ह्याचं कुलूप कधी निघंल, तेवढं ह्या बिलावर लिहून द्या." तो हसला, त्याने लिहून दिलं नाही. बिलाची मागची बाजू कोरीच आहे. ते बिल आम्ही पत्राला जोडलं.